कारखाना बंद, गाडी चालू

हावड्याहून बर्दवानकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की उत्तरपाडा मागे पडल्यावर लगेच एक लहानसे स्थानक लागते. त्याचे नाव 'हिंद मोटर'. मोटारीच्या कारखान्यावरून रेल्वेच्या स्थानकाला नाव पडावे, हा मान आपल्या देशात फारच थोड्या कारखान्यांना मिळाला असेल. २४ मे २०१४ रोजी त्या कारखान्यातील अँबॅसडर मोटारीचे काम थांबले. दोन हजारांहून अधिक कामगारांच्या पाळ्या संपल्या. स्थानकाचे नाव तेवढे राहिले, आणि लोकल अजूनही तेथे थांबते. त्या कारखान्यातून १९९८ साली बाहेर पडलेली एक पांढरी अँबॅसडर आज माझ्या दारात उभी आहे. तिच्या निमित्ताने, जिला बनविणारे हातच आता थांबले आहेत अशी गाडी विकत घेणे आणि सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे आज सांगावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ माझ्यासारख्या हौशी माणसाचा आहे, असे कोणी समजू नये. मारुतीची जिप्सी २०१९ मध्ये बाजारातून गेली. फोर्ड कंपनीने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तिची एंडेव्हर ही मोठी, उंच, भारदस्त गाडी हजारो घरांच्या दारांत उभी होती. आदल्या दिवशी ती गाडी होती. दुसऱ्या दिवशी ती 'बंद झालेले मॉडेल' झाली. गाडीत काडीचाही बदल झाला नव्हता. बदलला तो तिच्या मालकाचा काळ. त्या दिवसापासून त्याने दुकानदार, मिस्त्री, विमा कंपनी आणि सरकारी कचेरी या चौघांशी नव्याने नाते जोडावयाचे असते.

अँबॅसडरचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना गुजरातेत ओखा बंदरावर होता. १९४८ मध्ये तो हुगळीच्या काठी उत्तरपाड्याला आला. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या साच्यांवरून १९५७ मध्ये अँबॅसडर निघाली, आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ तिने आपला चेहरा फारसा बदलला नाही. समोरची जाळी बदलली, दिवे बदलले, नावापुढचे आकडे बदलले. पाठीमागून पाहिले तर आजोबा कोण आणि नातू कोण हे सांगणे कठीण. मुंबईकरांना वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्याची, कुर्ल्याची पद्मिनी जितकी आपली वाटते, तितकीच कोलकात्याला ही गाडी आपली वाटते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे जे स्थान, तेच येथील पिवळ्या टॅक्सीचे.

परंतु चेहरा एक म्हणून गाडीही एक, अशी समजूत करून घेऊन जो ती विकत घ्यावयास निघतो, तो पहिल्याच पायरीवर घसरतो. या एकाच अंगरख्यात वेगवेगळी इंजिने होऊन गेली. जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, त्याच मापाचे १९८० च्या सुमारास आलेले डिझेल इंजिन, आणि पुढे जपानी इसुझू घराण्यातील १८०० सीसीचे पेट्रोल व २००० सीसीचे डिझेल इंजिन. पहिल्या दोन इंजिनांची विद्या येथील गल्लीबोळांत मुरलेली आहे. मिस्त्री डोळे मिटून ती उघडतो. इसुझूचे पेट्रोल इंजिन अधिक गुळगुळीत चालते, पण त्याचे भाग मिळवावयाचे तर कॉन्टेसा या गाडीच्या नातेसंबंधाचा आधार घ्यावा लागतो, कारण दोघींच्या पोटात हेच इंजिन होते, आणि कॉन्टेसाही केव्हाच बंद झाली. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न 'किती चालली?' हा विचारू नये, 'कोणते इंजिन?' हा विचारावा. किती चालली याचे उत्तर देणारा आकडा पंचवीस वर्षांत एकदा तरी थकून थांबलेलाच असतो.

माझी गाडी मला २०१५ मध्ये मिळाली. नोकरीच्या निमित्ताने आम्ही कोलकात्यास आलो होतो. हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात एका परिचिताने सांगितले, की भवानीपुरात एक वृद्ध बंगाली गृहस्थ आपली अँबॅसडर विकावयाची म्हणतात, पण गिऱ्हाईक पसंत पडत नाही म्हणून विकत नाहीत. गेलो. गृहस्थांनी चहा दिला, संदेश दिला, आणि किंमत बाजूला ठेवून विचारले, "तुमचा मिस्त्री कोण?" मी म्हटले, अजून कोणीच नाही. ते हसले. म्हणाले, "मग आधी माझ्या मिस्त्रीला भेटा. त्याला तुम्ही आवडलात, तर गाडी तुमची." मला तेव्हा हा म्हातारपणचा विक्षिप्तपणा वाटला. आज कोणी मला बंद झालेल्या गाडीविषयी सल्ला विचारला, तर मीही हेच सांगतो. चालू मॉडेलची गाडी घेणारा गाडी घेतो आणि मग मिस्त्री शोधतो. येथे क्रम उलटा आहे. मिस्त्री नसेल, तर तुम्ही गाडी घेतलेली नसून टनभर लोखंड घेतलेले असते.

मिस्त्रीने माझी नव्हे, गाडीचीच परीक्षा माझ्यासमोर घेतली, आणि तो अर्धा तास म्हणजे मला मिळालेली शिकवणी होती. इंजिनाकडे तो शेवटी वळला. "इंजिन बांधता येते, दादा," तो म्हणाला, "पत्रा बांधता येत नाही." या गाडीला ट्रकासारखी वेगळी चौकट नाही, तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. कोलकात्याची हवा वर्षाचे कित्येक महिने दमट असते, आणि तिला पत्र्याची फार गोडी. म्हणून त्याने सामानाच्या कप्प्यातील चटई उचलली, दारांच्या खालच्या कडांवरून बोट फिरविले, पायाखालचे गालिचे काढले, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जेथे सांगाड्याला बांधल्या आहेत तेथे विजेरीने पाहिले. मग खिशातून एक लहान लोहचुंबक काढून तो गाडीच्या अंगावरून सरकवीत नेला. जेथे चुंबक चिकटत नाही, तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकावर तो एकदा निसटला. तेवढ्यावरून किंमत थोडी उतरली, आणि वृद्ध गृहस्थांच्या चेहऱ्यावरून मला कळले, की त्या जागेची हकिकत त्यांना माहीत होती.

त्यानंतर कागद. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतो की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जुन्या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात; त्यात पाप नाही, परंतु ती बदल नोंदविलेली नसेल तर पुढे नोंदणी वळविताना गाडे तेथेच अडते. परराज्यातील गाडी असेल तर तेथील कचेरीचे ना-हरकत पत्र लागते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीस न्यावी लागते आणि नोंदणी वाढवून घ्यावी लागते. माझ्या गाडीची ही मुदत आधीच्या मालकांनी २०१३ मध्ये वाढविली होती. पुढे २०१८ आणि २०२३ मध्ये मी वाढविली. पूर्वी या कामाचे सरकारी शुल्क ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. सरकारला जुन्या गाड्या रस्त्यावर नको आहेत, हे ते शब्दांनी सांगत नाही, आकड्यांनी सांगते. त्याला मी दोषही देत नाही. सकाळी गाडी सुरू केली की शेजारच्या खिडक्या मिटतात, हे मी पाहिलेले आहे.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी मात्र २०२१ पासून निराळा दरबार आहे. त्यांना 'व्हिंटेज' म्हणून १० वर्षांची वेगळी नोंदणी आणि वेगळी क्रमांकपट्टी मिळते. अट अशी की ती गाडी रोजच्या वापरात आणावयाची नाही. म्हणजे मोटारीचेही माणसासारखेच आहे. फार म्हातारी झाली की तिला मखरात बसवितात. अडचण आहे ती मधल्या वयाची.

विम्याची एक गोष्ट नवख्या मालकाला ठाऊक नसते. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो काढावाच लागतो. पण आपल्या गाडीची किंमत विम्यात किती धरावयाची? नव्या गाडीला कंपनीच्या किमतीवरून उतरते कोष्टक असते. ५ वर्षांहून जुन्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांना ते कोष्टक लागू नाही. तेथे किंमत विमेदार आणि कंपनी यांनी आपसांत ठरवावयाची असते. पुष्कळ लोक येथे प्रीमियम वाचविण्यासाठी अगदी क्षुल्लक आकडा मान्य करतात आणि अपघातानंतर रडतात. मी मूल्यमापन करणाऱ्याकडून लेखी अहवाल घेतला आणि तो पुढे केला. थोडी घासाघीस झाली, पण आकडा माणसात आला.

आता सुट्या भागांकडे वळू, कारण बंद गाडीचा खरा संसार तेथे आहे. पार्क स्ट्रीट जेथे आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याला मिळतो, त्या परिसरात मल्लिक बाजार आहे. मुंबईच्या चोर बाजाराची आठवण व्हावी असा हा बाजार. बंपर, दारे, गिअरपेट्या, स्टिअरिंगची चाके, दिव्यांच्या काचा यांचे ढीग, आणि त्या ढिगांत बसून चहा पिणारे दुकानदार. त्यांच्याजवळ यादी नसते, सगळे डोक्यात. तेथे भाग तीन जातींचे मिळतात. एक, कारखान्याच्या मूळ वेष्टनातला. हा दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालला आहे. दुसरा, मोडीत काढलेल्या गाडीतून उतरविलेला. हा बहुधा उत्तम, कारण तो एकदा चाललेला असतो. तिसरा, कोठल्या तरी लहान कारखान्यात नक्कल करून बनविलेला. दाराची मूठ किंवा काचेची पट्टी नकली घेतली तर बिघडत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र तसे करू नये, हे मी स्वतः शिकलो, आणि ते शिक्षण स्वस्त नव्हते.

गाडी घेतल्याच्या पहिल्या वर्षीच चाकांतील ब्रेकच्या रबरी वाट्या बदलावयाच्या होत्या. मिस्त्री गावी गेला होता. मी एका दुकानातून, नाव सांगण्यात अर्थ नाही, स्वस्तातल्या वाट्या घेतल्या आणि दुसऱ्याच माणसाकडून बसवून घेतल्या. दोन महिन्यांनी, ढाकुरियाच्या पुलावरून उतरताना, ब्रेकवर पाय ठेवला तो सरळ तळाला गेला. शेजारी पत्नी, मागे सात वर्षांची मुलगी, पुढे शाळकरी मुलांनी भरलेली एक बस. मी पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबला, गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला. गाडी बसपासून हातभर अंतरावर थांबली. पत्नी काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "हौस तुमची आहे, आम्ही दोघी तिच्यात बसतो." त्या वाक्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत मी एक पैशाचीही काटकसर केलेली नाही. मिस्त्री परत आल्यावर त्याने त्या वाट्या तळहातावर घेतल्या, तेलाने फुगून त्या मऊ झाल्या होत्या, आणि त्या माझ्या हातात ठेवून तो आपल्या कामाला लागला.

पावसाळा हा या शहरातील प्रत्येक मोटारीचा परीक्षक. ठनठनिया, अॅमहर्स्ट स्ट्रीट या उत्तरेकडील भागांत तासभर मुसळधार झाली की रस्त्याचा कालवा होतो. नव्या गाड्यांच्या पोटातील विजेची यंत्रे पाण्याने बिघडतात, तेव्हा त्या पुसून सुरू करता येत नाहीत. आमच्या जुन्या गाडीत ठिणगी वाटून देणारी डिस्ट्रिब्यूटरची टोपी तेवढी कोरडी ठेवली, की पुष्कळ काम होते. येथील टॅक्सीवाले तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधताना मी पाहिले आहेत. पाण्यात पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, न थांबता जावे. इंजिन बंद पडू दिले तर धूर सोडणाऱ्या नळीतून पाणी आत शिरते. आणि पाण्याबाहेर आल्यावर हलक्या पायाने ब्रेक दाबीत थोडे अंतर जावे, म्हणजे ओले ड्रम सुकतात. हे न करता जो वेग घेतो, त्याला गाडी थांबत नाही याचा शोध पुढच्या चौकात लागतो.

पेट्रोलचाही एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १९९८ साली ज्यांनी या गाडीच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे बनविली, त्यांच्या स्वप्नातही ते नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला खाते आणि हवेतील पाणी ओढून घेते. म्हणून मी इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कार्ब्युरेटरमधील वायसर बदलले, आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी चालवितो. शहरात एका लिटरला ती जेमतेम ८ किलोमीटर जाते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास ती कुरकुर करते. ही कुरकुर न ऐकणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. ज्याला रोज ठरलेल्या वेळी कामावर पोहोचावयाचे आहे आणि ज्याच्याजवळ ही एकच गाडी असणार आहे, त्यानेही घेऊ नये. मी हे प्रेमापोटी बोलत आहे.

परंतु या सगळ्याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या हाती नाही. २०१४ नंतरही मला सुटे भाग मिळत राहिले, ते माझ्यासारख्या हौशी लोकांमुळे नव्हे. ते मिळाले टॅक्सीमुळे. हजारो पिवळ्या टॅक्सी रोज ब्रेक झिजवीत होत्या, पाटे मोडीत होत्या, दारे ठोकून घेत होत्या. म्हणून लहान कारखाने ते भाग बनवीत राहिले आणि मल्लिक बाजारात ढीग उभे राहिले. खासगी मालक हा त्या पंगतीतला आगंतुक. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००८ मध्ये महानगर क्षेत्रातून १५ वर्षांहून जुनी व्यापारी वाहने हटविण्याचा आदेश दिला, तेव्हापासून टॅक्सीचे आयुष्य मोजलेले आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०२२ मध्ये जुन्या वाहनांविषयी आदेश दिला. कारखाना २०१४ मध्ये थांबला. १५ वर्षांचा हिशेब केला तर शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२९ च्या सुमारास संपते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि त्या महिन्याच्या अखेरीस ती रस्त्यावरून नाहीशी झाली. लोकांनी छायाचित्रे काढली, वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. पण ज्याच्या घरी खासगी पद्मिनी आहे, त्याला त्या दिवसानंतर क्लचची पट्टी कोठे मिळते, हे कोणी छापले नाही. मला तीच माहिती हवी होती.

याच घराण्यातील ट्रेकर या गाडीचे उदाहरण बोलके आहे. अँबॅसडरच्याच यंत्रावर उघडी, जीपसारखी काया चढवून ती बनविली होती आणि बंगाल-ओरिसाच्या खेड्यांत ती भाड्याने माणसे वाहत असे. ती बंद होऊन कित्येक वर्षे लोटली. जिल्ह्यांतील लोक आज कोणत्याही भाड्याच्या जीपगाडीला 'ट्रेकर'च म्हणतात, पण मूळची ट्रेकर शोधावयाची म्हटली तर दिवसभर हिंडावे लागेल. नाव उरले, सुटा भाग उरला नाही. उलट जेथे लोकांनी संघटितपणे गाड्या जपल्या, तेथे फार जुन्या गाड्याही चालतात. 'स्टेट्समन' वृत्तपत्राच्या मोटार-मेळाव्यात या शहराने १९६८ पासून शंभरी गाठत आलेली यंत्रे स्वतःच्या चाकांवर येताना पाहिली आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या मालकांना तो छंद परवडतो.

अँबॅसडर हे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना विकत घेतले. नावाची किंमत ठरली. मिस्त्रीच्या हातातील विद्येची कोणी ठरविली नाही. आमचा मिस्त्री आता सत्तरीला आला आहे. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, दुसऱ्याचे व्हावयाचे आहे. त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि बापापेक्षा अधिक मिळवितो. मागच्या पूजेच्या सुटीत मिस्त्रीने मला शेजारी बसवून व्हॉल्व्हचे अंतर कसे मोजावयाचे, ठिणगीची वेळ कशी जुळवावयाची हे दाखविले. माझी मुलगी, जी त्या दिवशी मागच्या बाकावर होती, ती आता कॉलेजात जाते. तिने ते सारे वहीत आकृत्यांसह उतरवून घेतले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असे मिस्त्रीचे मत पडले.

२०२८ मध्ये नोंदणीची मुदत पुन्हा संपेल. तेव्हा गाडी तीस वर्षांची असेल. मिस्त्रीने मला एक यादी दिली आहे: ब्रेकच्या मूळ वेष्टनातील वाट्यांचे दोन संच, क्लचची एक पट्टी, पाण्याचा एक पंप, पुढच्या सांध्यांच्या खुंट्या, डिस्ट्रिब्यूटरची टोपी. यांतील क्लचपट्टी आणि पंप मिळाले. खुंट्यांसाठी मल्लिक बाजारातील एका दुकानदाराने पुढच्या शनिवारी यावयास सांगितले आहे.